न विचारता बसवलेल्या डिस्क ब्रेकबाबत पुरवणी जबाब

मी, मर्व्हिन ओले टॉलेफसन, वय ७१, पूर्वी कागद कारखान्यात यंत्रदुरुस्तीला होतो, सध्या निवृत्त, राहणार चर्च रोड, हॅल्व्हर्सन लेक, विस्कॉन्सिन. आज बुधवारी सकाळी शेरीफच्या ठाण्यात कुणी बोलावलेलं नसताना आपल्या पायांनी आलो आहे आणि डेप्युटी मारिसा ओक्विस्ट यांच्यासमोर सांगतो, ते असे :

माझ्या मालकीची एक मोटरसायकल आहे. इंजिन १९४८ सालचं, बाकी सगळी गाडी मी एका हिवाळ्यात माझ्या शेडमध्ये बांधलेली. फ्रेम मी जोडली, टाकी मी ठोकून काढली, हँडल मी वाकवलं. मागे स्प्रिंग नाही, त्यामुळे रस्त्यातला प्रत्येक खड्डा मणक्याला कळतो, आणि तो कळायलाच हवा असं माझं मत आहे. पुढच्या चाकाला ब्रेक नाही. मागचा ब्रेक जुन्या पद्धतीचा, ड्रमचा. उजव्या पायाने पेडल दाबलं की सळई ओढली जाते आणि ड्रमच्या आतले दोन शू फाकून चाक धरतात. डेप्युटी म्हणाल्या, एवढं सगळं लिहायची गरज नाही. मी म्हटलं, गरज आहे, लिहा.

ड्वेन कुबिचेक हा माझा पोरवयापासूनचा दोस्त. तो शाळेची बस चालवतो. या ठाण्यातली निम्मी माणसं त्याच्या बसमधून शाळेत गेलेली आहेत, डेप्युटी ओक्विस्टसुद्धा. शुक्रवारी आम्ही दोघं टॅव्हर्नमध्ये तळलेला मासा खातो आणि हवा बरी असेल तर रविवारी आपापल्या मोटरसायकली बाहेर काढतो.

गेल्या महिन्यात अशाच एका रविवारी चीज फॅक्टरीच्या उतारावरून आम्ही खाली येत होतो. मी पुढे, ड्वेन मागे. उतार संपतो तिथे हायवे आडवा जातो आणि थांबण्याची पाटी आहे. मी पेडल दाबलं. गाडी पाटीशी थांबली नाही, हायवे ओलांडून पलीकडच्या मक्याच्या शेतात शिरून थांबली. दुधाचा टँकर येत होता. त्याने भोंगा वाजवला आणि मला चुकवून गेला.

पुढच्या पेट्रोल पंपावर ड्वेनने हेल्मेट काढलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"थांबायचं नव्हतं का रे?"

"थांबलो की."

"थांबलास. पण दुसऱ्याच्या मक्यात."

मी हसलो. तो हसला नाही. म्हणाला, "ड्रम गेलाय तुझा. मागे डिस्क बसवू. माझ्याकडे एक आहे, नव्यासारखी."

"या गाडीला डिस्क? तू तुझ्या आजीला बर्म्युडा घालशील का?"

"आजी उतारावरून अशी सुटली असेल तर बर्म्युडाच काय, दोरीही बांधीन."

त्यानंतर त्याने हा विषय सोडला नाही. टॅव्हर्नमध्ये मासा येईपर्यंत तेच. मर्व्हिनचा ड्रम गेलाय, मर्व्हिन ऐकत नाही, हे त्याने भेटेल त्याला सांगितलं. मी त्याला चारचौघांत सुनावलं की माझ्या गाडीची काळजी तू करू नकोस, तुझ्या बसचे वायपर आधी बदल. सगळे हसले. ड्वेनने त्याच्या वाटणीचा कोबी माझ्या ताटात सारला.

इथे एक गोष्ट नोंदवून घ्यावी. आमच्या मोटरसायकलवाल्यांत दुसऱ्याच्या मोटरसायकलला मालकाला विचारल्याशिवाय पाना लावत नाहीत. माणूस दवाखान्यात पडलेला असला तरी त्याच्या गाडीचा सैल नट कुणी आवळत नाही, त्याला फोन करून विचारतो. माझ्या माहितीतले दोघं जण एका स्पार्क प्लगवरून आजवर एकमेकांशी बोलत नाहीत. बाहेरच्यांना हे वेड वाटेल. आम्हाला वाटत नाही.

मागच्या शुक्रवारी मी बहिणीकडे डुलुथला गेलो. सोमवारपर्यंत राहणार होतो. शनिवारी बहिणीशी टर्की कापण्यावरून वाजलं, म्हणून रविवारी सकाळीच घरी परत आलो. शेड उघडून बघतो तर मोटरसायकल नाही. शेडची किल्ली रंगाच्या डब्याखाली असते आणि हे गावाला माहीत आहे. तरी मी तक्रार नोंदवली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, हेही लिहा.

सोमवारी सकाळी अंगणात ट्रकचा आवाज आला. ड्वेन माझी मोटरसायकल ट्रेलरवरून उतरवत होता. मला बघून तो दचकला.

"तू संध्याकाळी येणार होतास ना?"

"माझं घर आहे. वाटेल तेव्हा येईन." मग माझी नजर मागच्या चाकाकडे गेली. ड्रम नव्हता. तिथे डिस्क होती. "पाना लावलास?"

"लावला."

"विचारलंस?"

"महिनाभर विचारतोय. तू दर वेळी आजीला मधे आणलीस."

मी त्याला अंगणातून चालता हो म्हणालो. आणखीही काही बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो एक लाकडी खोकं पायरीवर ठेवून गेला. मी त्याच पावली आत जाऊन ठाण्याला फोन केला, की गाडी मिळाली आणि चोरही मिळाला. त्याचं नाव मीच सांगितलं. रागाने सांगितलं, पण शुद्धीत सांगितलं.

दुपारनंतर मी चुका काढायला म्हणून गाडीखाली शिरलो. चूक सापडली असती तर मला फार बरं वाटलं असतं. चेन सैल झाली की या गाडीचं मागचं चाक सरकवून मागे घ्यावं लागतं, तेव्हा कॅलिपर, म्हणजे डिस्क पकडणारा चिमटा, तोही चाकाबरोबर सरकायला हवा. घाईने काम करणारा माणूस कॅलिपर सरळ फ्रेमला जखडतो आणि चेन पहिल्यांदा ताणली की पॅड तिरके बसतात. ड्वेनने कॅलिपर चाकाच्या एक्सलवर तोलला होता आणि आधाराचा दांडा एका पट्ट्याने फ्रेमला धरला होता. पट्ट्याखाली चामडं घातलं होतं, रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून. माझ्या फ्रेमला त्याने एकही भोक पाडलेलं नाही. कुठे वेल्डिंग केलेलं नाही. मनात आलं तर एका दुपारात सगळं उतरवून गाडी होती तशी करता येईल, असं त्याने काम केलं आहे.

मग पेडल बघितलं. माझं जुनं पेडल बोटभर रुंद होतं. हे तळहाताएवढं आहे, बाहेरच्या बाजूला काठ वर वळवलेला, म्हणजे बूट घसरणार नाही. मी ते हाताने दाबून बघितलं. दोन बोटांच्या दाबाने चाक जागच्या जागी धरलं गेलं. मग गाडीवर बसलो. माझा पाय जिथे आपोआप पडतो, तिथेच पेडल होतं. थोडं बाहेर, थोडं खाली. धडधाकट माणसाचा पाय तिथे पडत नाही.

मी उतरलो आणि पायरीवरचं खोकं उघडलं. माझा ड्रम तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला होता, शू आणि स्प्रिंगा नीट लावून ठेवलेल्या होत्या. शू मी मागच्या वर्षीच नवे घातले होते. ते जेमतेम घासलेले होते. ड्रमला काहीही झालेलं नव्हतं. हे ड्वेनला चाक उघडल्या क्षणी कळलं असणार. खरं म्हणजे त्याला ते आधीच माहीत होतं. मी शेडमध्ये उलट्या बादलीवर बराच वेळ बसून राहिलो आणि मला रडू आलं.

काल डेप्युटी घरी आल्या. त्यांनी सांगितलं की ड्वेनने जबाबात गाडी नेल्याचं कबूल केलं आहे आणि कारण दिलं आहे की शू झिजून गेले होते. त्यांच्याबरोबर आलेल्या काउंटीच्या मेकॅनिकने खोकं तपासलं आणि शू चांगले आहेत असं लिहून दिलं. म्हणजे ड्वेन खोटं बोलतो आहे. आता मी तक्रार मागे घेतली तरी सरकारी वकील विचारणार, चांगला ब्रेक काढायला हा माणूस दुसऱ्याच्या शेडमध्ये का शिरला? गुन्हा लागला तर त्याचा बसचा परवाना जाईल. ड्वेनला बसशिवाय दुसरं काही नाही. लग्न त्याने केलं नाही, पोरं म्हणजे बसमधली.

म्हणून सांगतो. ड्वेन खोटं बोलला, पण माझ्यासाठी बोलला. वसंत ऋतूपासून माझ्या उजव्या पायात घोट्याखाली जाणीव नाही. साखरेमुळे आहे, डॉक्टरांनी सांगितलं आहे. त्या उतारावर मी पेडल दाबलं असं मला वाटलं, पण पाय पेडलवर नव्हताच. मी हे कुणाला सांगितलेलं नाही, बहिणीलाही नाही. ड्वेन मागून येत होता, त्याने माझा बूट हवेत लोंबकळताना बघितला असणार. तेव्हापासून तो माझ्या पायाचा दोष ड्रमच्या माथी मारत गावभर फिरला. परवा तुमच्यासमोरही त्याने तेच केलं. माझ्या पायाचं नाव त्याने काढलं नाही.

डेप्युटींनी इथे पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "हे कागदावर आलं की मला लायसन्सवाल्यांना कळवावं लागेल. ते तुम्हाला चाचणीला बोलावतील. मोटरसायकल बंद होईल, कदाचित मोटारही. नीट विचार करा."

मी म्हणालो, "पोरी, विचार करूनच आलोय. लिही."

माझी ड्वेन कुबिचेक याच्याविरुद्ध चोरीची तक्रार नाही. न विचारता पाना लावल्याबद्दल मी त्याला माफ केलेलं नाही, ते आमचं आम्ही बघून घेऊ, त्यात शेरीफने पडू नये.

हा जबाब डेप्युटी ओक्विस्ट यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी चांगल्या मनाने एका ठिकाणी "ब्रेकमध्ये बिघाड असल्याने" असं लिहिलं होतं. ते मी खोडायला लावून "उजव्या पायात बिघाड असल्याने" असं करून घेतलं आणि खोडलेल्या जागी सही केली. बाकी मजकूर मी बोललो तसाच आहे.

मर्व्हिन ओ. टॉलेफसन