उत्तर आधी, प्रश्न मागून

...आणि वर मलाच म्हणे, "आजी, तू मधे पडू नको." का नको पडू? तुम्हाला सांगते, माझी नात श्रुती, चांगली इंजिनीयर, आणि यंत्राच्या नोंदीतल्या एकेचाळीस ओळी पुसायला निघाली होती. का, तर त्यांत निरोप पोचला आधी आणि सुटला नंतर. सात मायक्रोसेकंद आधी. पाच वाजता साहेबांना दाखवायचंय, वेळा उलट्या दिसल्या तर काम हिच्याकडून काढून घेतील. मी म्हटलं, पण घड्याळ कुणाचं?

"कुणाचं म्हणजे? प्रोसेसर एकच आहे."

एकच, पण आत कोर आठ, म्हणजे एकमेकांना निरोप धाडणारे आठ मेंदूच, आणि हिच्या त्या जुन्या बोर्डावर प्रत्येकाचं घड्याळ निराळं. निरोप सोडणारा आपलं बघून लिहितो, घेणारा आपलं. मी सातवी पास, साठीनंतर रद्दीतली जाडजूड पुस्तकं वाचून शिकले, मला कळतं आणि हिला नाही? अहो, शिंदे की छावनीतल्या आपल्या लीलाताई, फोनवर रुसून म्हणाल्या, "कल हळदीकुंकू, आणि तुमचा पत्ता नाही." मी म्हटलं, येते की. दुसऱ्या दिवशी पैठणी नेसून गेले, तर हळदीकुंकू कधीच उरकलेलं, त्या सतरंज्या झटकताहेत. आपल्या ग्वाल्हेरच्या मराठीत हा 'कल' शिरला तो असा... काल की उद्या, ते तोंड बघून ओळखायचं. कोराला तोंड कुठंय? म्हणून विचारते, घड्याळ कुणाचं?

उपाय तरी काय अवघड? या कोराने त्याला हाक मारायची, त्याने आपली वेळ सांगून ओ द्यायची. जाऊन-येऊन जो वेळ लागला त्याच्या मध्यावर त्याचं घड्याळ किती पुढं होतं ते बघायचं. हजारदा करायचं, सगळ्यांत झटपट आलेली ओ खरी मानायची, आणि तेवढा फरक वजा करायचा. ओळी सरळ.

"आजी, टाइम नहीं है यार." यार? मी? पंचाहत्तरीची? "चार हजारांत एकेचाळीस कोण बघतंय, वैसे भी सब यही करते हैं."

अगं, फरक बाकीच्या ओळींतही तोच आहे, फक्त तिथं तो लपलाय. त्यांचं घड्याळ कुणाचं?

आत्ता आत बसून मुकाट मोजतेय, चहासुद्धा गार केला, गुणाची आहे हो पोर. पण बसली कशाने? मी ओरडले नाही, तुमची शपथ. नुसतं म्हटलं, "पूस बाळा, फक्त नोंदीखाली नाव माझं घाल, माझी नोकरी काही जायची नाही."