आवाजावरून ओळख

जबाब, दि. ०९/०२/२०२५

माझे नाव योगिनी रामकिसन घुगे, वय ३४ वर्षे, व्यवसाय शिवणकाम व गायन, राहणार मेडशी, तालुका मालेगाव, जिल्हा वाशिम.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून जबाब देते की, मी वरील पत्त्यावर आई प्रयागबाई हिच्यासोबत राहते. माझे लग्न झाले होते. नऊ वर्षांपासून मी माहेरी आहे. घरी ब्लाऊज शिवते.

सुमारे तीन वर्षांपूर्वी मी मोबाईलमध्ये गाण्याचे ॲप घेतले. त्यावर जुन्या सिनेमातील द्वंद्वगीताचा अर्धा भाग एकाने गाऊन ठेवायचा व उरलेला दुसऱ्याने, अशी सोय आहे. माझ्या एका गाण्याचा उरलेला भाग कारंजा येथील अशफाक यांनी गायला. तेव्हापासून मी दुसऱ्या कोणासोबत गायले नाही. ते मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात कामाला होते व दुपारच्या सुट्टीत शटर अर्धे खाली करून गात. मी धान्याच्या खोलीत दाराला वाकळ लावून गात असे.

पुढे आम्ही दोघांनी 'सूरजोडी' नावाचे चॅनेल काढले. त्यावर आजपर्यंत ११८ गाणी टाकली असून बासष्ट हजार लोक जोडलेले आहेत. व्हिडिओत फक्त गाण्याचे शब्द व शेताचे फोटो असतात. आमचे चेहरे दाखवायचे नाहीत, असे सुरुवातीलाच ठरले होते. एकमेकांनाही दाखवले नव्हते.

मालेगाव येथे एका निवृत्त शिक्षकांच्या सत्काराला गाण्यासाठी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी आम्हा दोघांना बोलावले. लोकांसमोर गाण्याची आमची ही पहिलीच वेळ होती. कार्यक्रम काल दि. ०८/०२/२०२५ रोजी सायंकाळी ५ वाजता होता. दुपारी २ वाजता अशफाक यांचा फोन आला. ते म्हणाले, "निघून राह्यलो. निळा शर्ट घातला. माहा आवाज बसला तं तुमी सांभाळून घेजा." मी म्हटले, "बसत नाही. हळू या." ते चार वाजेपर्यंत बसस्थानकावर येणार होते.

मी एसटीने मालेगावला येऊन ३.३० वाजल्यापासून बसस्थानकावर थांबले. निळा शर्ट घातलेले तीन जण आले. एकाला मी नावाने हाक मारली, त्यांनी पाहिले नाही. चारनंतर मी सहा वेळा फोन केला. फोन बंद होता. ४.४० वाजता मी मेसेज पाठवला तो असा : "यायचं नव्हतं तं आधी सांगायचं होतं. आता मले फोन करू नका." त्यानंतर मी त्यांचा नंबर ब्लॉक केला.

कार्यक्रमात मी एकटीने तीन गाणी गायली. दोघांच्याही ओळी मीच गायल्या. जोडीदार कुठे आहे असे आयोजकांनी विचारले असता तब्येत बरी नसल्याचे मी सांगितले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सातच्या एसटीने मी घरी गेले. आईने कसे झाले विचारले. चांगले झाले, असे सांगितले.

आज सकाळी ९ वाजता महिला पोलीस हवालदार वर्षाराणी मॅडम यांनी चॅनेलवर दिलेल्या माझ्या नंबरवर फोन करून बोलावले. ठाण्यात मला समजले की, काल दुपारी ३.५० वाजता शेलूबाजार ते मालेगाव रस्त्यावर रोही (नीलगाय) आडवा आल्याने एका मोटारसायकलस्वाराचा अपघात होऊन तो जागीच मयत झाला. हे शेतकरी पंजाबराव यांनी बाजूच्या तुरीतून पाहिले. मयताचा मोबाईल फुटला होता. पिशवीत माईक व सिमकार्ड नसलेला दुसरा मोबाईल मिळाला, त्यात आमचे चॅनेल होते. मी मेसेज पाठवला त्यावेळी अपघात होऊन पन्नास मिनिटे झाली होती.

मला मयताचा फोटो दाखवला. शर्ट निळा आहे. चेहरा मी ओळखू शकले नाही. म्हणून मॅडमनी त्या मोबाईलमधील काल ३.२० वाजताचे रेकॉर्डिंग ऐकवले. ते कार्यक्रमातील पहिल्या गाण्याचे आहे. पहिल्या दोन ओळी अशफाक यांनी गायल्या आहेत. पुढच्या चार ओळी माझ्या आहेत. तेवढा वेळ ते गप्प आहेत, ट्रकचा आवाज येतो व चहावाला कोणाला तरी साखर विचारतो. नंतर ते बरोबर जागेवर गाणे उचलतात. दुसऱ्या कडव्यात ते श्वास उशिरा घेतात, ही त्यांची सवय आहे. मयत हे माझ्यासोबत गाणारे अशफाक असून हा आवाज त्यांचाच असल्याची माझी खात्री आहे.

मोटारसायकलच्या नंबरवरून त्यांचे भाऊ तौकीर हे ठाण्यात आलेले होते. चेहरा त्यांनी ओळखला. रेकॉर्डिंग ऐकून ते मॅडमना म्हणाले, "हा त्याचा आवाज नाही. आमचा भाऊ गात नव्हता. घरात तं बोलतही नव्हता कोनाशी." मॅडमनी पुन्हा ऐकवले. मग त्यांनी मला विचारले, "असे किती हायेत?" मी एकशे अठरा सांगितले. ते माझा मोबाईल घेऊन व्हरांड्यातील बाकावर बसले. मी शेजारी बसले. त्यांनी अकरा गाणी पूर्ण ऐकली. "अम्मीले पाठवता काय एखादं?" असे ते म्हणाले. मी पाठवले. माझ्या घरी कोण कोण आहे असे त्यांनी विचारले. मी आई आहे म्हणून सांगितले.

शवविच्छेदनानंतर दुपारी १.१५ वाजता मयत त्यांच्या ताब्यात देण्यात आले व ते कारंज्याला घेऊन गेले. गाडीत जागा होती. मी येते का, असे कोणी विचारले नाही. मीही म्हटले नाही.

माझा कोणावरही संशय नाही, कोणाविरुद्ध तक्रार नाही.

हा जबाब संगणकावर लिहून मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात मयत हा माझ्या 'ओळखीचा इसम' असे लिहिलेले होते. ते खोडून 'माझ्यासोबत गाणारे' असे लिहावे, असे मी सांगितले व तसे लिहिले. आता माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही/-
योगिनी रामकिसन घुगे