पायावरची चादर

आईला सलाईन लावलं होतं आणि मी तिच्या उशाशी बसलो होतो. शेजारच्या खाटेचा पडदा ओढलेला होता. पलीकडून नार्व्याचे धाकू आणि त्यांची बायको प्रभावती यांचं बोलणं येत होतं.

"पंखा बारीक कर गो. वारा लागला तरी अंगठा ठणकतो."

"तापासाठी आणलं तुम्हांला, आणि इथं येऊन गाऊट उठला. साधी चादरसुद्धा पायाला सोसवत नाही."

"डॉक्टरांनी विचारलं, काय खाता? मी सांगितलं, पेज."

"आणि पेजेबरोबर सुक्या सुंगटांची किसमूर?"

"ती कशाला सांगू? त्यांनी मासळी बंद केली होती. सुकी सुंगटं, एवढीशी कोळंबी ती, मासळीत कोण धरतं?"

"म्हणून परवा मीच त्यांना सांगितलं."

"तू? डबा तूच आणायचीस मगे!"

"मीच आणायचे. मलाही ओरडले."

"तरीच दोन दिवस ही मुगागाठी चालली आहे."

"मुगागाठी वाईट असते काय?"

"सोमवारी चांगली असते. आज बुधवार! शिगमा आठ दिवसांवर आलाय. ढोल वाजला की मी नाचायचं कशाच्या जोरावर, मुगांच्या?"

"आधी सांगा, पाय कसा आहे?"

"कसा असणार? चादर लागू नये म्हणून उघडाच... ही चादर कोणी घातली?"

"मी. तुम्ही मुगांवर तणतणत होता तेव्हा."

"कळलंच नाही गो!"

"अंगठा हलवून बघा."

"हलला! प्रभावती, पंखा मोठा कर!"