डबीतल्या कॅल्शियमच्या गोळ्या

थांबा, थांबा ताई — म्हणजे डबी तीच, आणि आत गोळ्या कॅल्शियमच्या? तुम्ही भरल्यात? आणि संघमित्राला, तुमच्या पोटच्या मुलीला, पत्ताच नाही? म्हणजे ती आत्ता आत बसून डॉक्टरीणबाईंना सांगत असणार, एकही गोळी चुकवली नाही म्हणून. — हळू कशाला बोलू? या बाकावर सगळे एचआयव्हीपायीच आलेत, इथे कुणाला सर्दी झालेली नाही. लपवायचं ते तिकडे दिंडोशीला, बिल्डिंगमध्ये लपवा.

काय म्हणे, सोनोग्राफीत तिची वार लहान दिसली, बाळ वजनाला कमी आहे — आणि तुमची जाऊ म्हणाली, गोळ्यांनी वार करपते. जाऊ डॉक्टर आहे का? नाही ना. मीही नाही, मी अंधेरीला मासळी विकते, म्हणून मी विचारलं. माझी अक्षता पोटात होती तेव्हा, याच बाईंना, सरळ. वारेला काही होतं का या गोळ्यांनी? खोटं नाही बोलल्या. म्हणाल्या, होऊ शकतं, काहीजणींची वार लहान राहते, बाळ हलकं होतं, गोळ्यांनी की आजाराने ते अजून शोधतायत. पण आजार वार ओलांडून बाळाकडे जाऊ नये, तर याच गोळ्या लागतात. मग घेतल्या मी. ओकत ओकत घेतल्या.

आणि बाळंत झाल्यावर बाई म्हणाल्या, वार अभ्यासाला द्याल का — दिली. सासूने घर डोक्यावर घेतलं. आमच्या घरी वार दारापुढे पुरतात ना, नाहीतर पोर घराला धरून राहत नाही म्हणे. त्यात अक्षता एवढीशी. सासू म्हणाली, सुनेला बोंबील झाला. आता तोच बोंबील शाळेत कबड्डी खेळतो, आजीला उलट बोलतो. सगळ्या तपासण्या झाल्या, आजार नाही तिला.

भरदार वार हवीय तुम्हाला? मी बघितलीय. माझ्या पहिल्याची, चैतन्यची. तेव्हा ना आजार ठाऊक, ना तपासणी, ना गोळी. माहेरी, सुईणीच्या हातून झाला. तिने परातीत घेऊन सगळ्यांना दाखवली, बघा म्हणे कशी ताजी, जड. आईने हळदकुंकू वाहून दारापुढे पुरली. आणि पोर तर असं गुटगुटीत, की बायका दृष्ट काढायच्या — तीन वर्षांचा होता, गेला तेव्हा. तो आजारी पडला तेव्हा कळलं, मला काय आहे ते. माझ्याकडूनच —

हे नव्हतं सांगायचं मला. राहू दे.

रडू नका. रडून बाईंना काही कळणार नाही. सातवा महिना आहे ना, वेळ आहे अजून, त्या रक्त तपासतील, गोळ्या परत सुरू करतील. पण त्यांना कळायला नको? नाहीतर त्या समजणार, गोळ्याच लागू पडत नाहीत, आणि भलतंच काहीतरी चालू करणार. — मुलगी चिडेल? चिडू दे की. बोलणार नाही तुमच्याशी? नको बोलू दे. पोर धड झालं की भांडायला जन्म पडलाय.

मी कशाला येऊ बरोबर? तुम्ही भरल्यात, तुम्हीच सांगा. आणि तिच्यासमोर सांगा, तिला बाहेर काढून नाही. — बसून काय राहिलात? उठा.