दाब, धर, सोड

भंगार? पुन्हा म्हणा! नाही, म्हणाच… तुम्हाला सांगतो, मला काहीही बोला, माझ्या टकलाला बोला, पण तिला भंगार म्हणायचं काम नाही! लष्कराच्या लिलावातून घेतलेला ट्रक आहे तो. सहा चाकं, सहाच्या सहा चाकांना इंजिनाचा जोर, आणि टायर असे की शेजारी उभं राहिलं की माणूस पुन्हा शाळेत जायच्या वयाचा दिसतो! मग लष्कराने विकला कशाला? आता ते मला काय विचारता? त्यांचं काम संपलं असेल! माझं सुरू झालं. आणि तसं फार नव्हतंच हो… थोडंसंच काम राहिलं होतं.

क्रेनवाल्याने गाडी आणून घराच्या खिडकीला खेटून उभी केली, तर आतून, स्वयंपाकघरातून हिचा आवाज, "अहो, आभाळ भरून आलं का?" मी बाहेरून, "नाही गं, गाडी आली!" तेव्हापासून आमच्याकडे भरदुपारी दिवा लावून भाजी चिरतात. मेहुणा आला बघायला. गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरला लाथ मारली… ज्याला गाडीतलं ओ का ठो कळत नाही तो पहिली लाथ टायरलाच का मारतो हो? आणि म्हणतो कसा, "दाजी, ही हरलेल्या बाजूची दिसते."

हरलेल्या बाजूची! अरे, स्टिअरिंग फिरवून बघ म्हटलं! म्हणजे फिरत नव्हतंच ते, दोन माणसं लोंबकळली तर जरासं कुरकुरायचं. म्हणून मी त्याला मोडीतल्या डंपरचा पंप जोडला, आता करंगळीने फिरतं, करंगळीने! मग ब्रेक. जुन्या पद्धतीत सगळ्या चाकांना तेलाची एकच नळी, ती फुटली की राम म्हणायचं. मी दोन वेगळ्या नळ्या टाकल्या, एक दगा देते तर दुसरी धरते. आता नळ्या नव्या म्हटल्यावर आतली हवा काढायला नको? हवा राहिली की ब्रेक लागतच नाही! आणि ते काम एकट्याचं नाही. एकाने वर बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने खाली चाकापाशी पाना घेऊन पडायचं. मेहुणा नेमका तेव्हा पाठदुखीने आजारी. मग कोण? बायको!

मी खालून, "दाब!" वरून, "दाबलं." "धर!" "धरलंय." "सोड!" "सोडलं… अहो, भात लागतोय!" "भात राहू दे, हवा आहे अजून!" आज काढली की उद्या कुठून तरी पुन्हा हजर. चार महिने, तुम्हाला सांगतो, आमच्या संसारात दुसरं संभाषण नाही. दाब, धर, सोड! शेवटी एक दिवस तिने पेडलवरच पाय ठेवून सांगितलं, "रविवारी भंगारवाला येतोय. दुपारपर्यंत ही स्वतःच्या चाकांवर फाटकाबाहेर गेली तर तुमची, नाही तर त्याची. मला माझी खिडकी हवी."

मी म्हटलं, अगं, थोडंसंच काम राहिलंय!

रविवार उजाडला. भंगारवाला सकाळीच हजर, हातात टेप! माझ्यादेखत माप घेतोय, "साहेब, हा दरवाजा सुटा निघतो का?" मी म्हटलं, तू नीघ आधी! ऐटीत वर चढलो, बटण दाबलं…

काही नाही. टिक नाही, टुक नाही. दिवे लागतात, हॉर्न तर असा वाजला की मेहुण्याच्या हातातला चहा शर्टावर, पण इंजिन? ढिम्म! बॅटऱ्या तपासल्या, ठणठणीत. खाली शिरलो, स्टार्टर उतरवला, बाहेर ठेवून वीज दिली, तर पठ्ठ्या गरगर फिरतोय! पुन्हा चढवला. ढिम्म! सगळं चांगलं आणि गाडी बंद, हे काय प्रकरण आहे? ऊन डोक्यावर आलं. भंगारवाल्याने क्रेनला फोन लावला. मेहुणा म्हणतो, "दाजी, शरणागती." मी बोनेटमध्ये डोकं घालून बसलो, खरं सांगतो, डोळ्यांत पाणी होतं, आणि ते डिझेलमुळे नव्हतं.

तेवढ्यात मागून ही म्हणाली, "अहो… तो तुमचा चोरखटका चालू केलात का?"

आता ऐका! लष्करी गाडीला किल्ली नसते. गोळीबारात किल्ली कोण शोधणार? बटण दाबा, निघा. म्हणजे चोरानेही तेच करायचं! म्हणून मी सीटच्या मागे एक गुप्त खटका बसवला होता, तो बंद असला की स्टार्टर मेला. आणि दिसू नये म्हणून त्याला गाडीचाच हिरवा रंग मारला होता. इतका हुबेहूब, की मलाच दिसेना, आणि जे दिसेना ते आठवेना! तिला मात्र चार महिने वर बसून ठाऊक. ती वर चढली, हात सीटमागे नेला, खट् केलं, बटण दाबलं… आणि अहाहा! काय तो आवाज! खिडक्यांची तावदानं नाचली! फाटकातून बाहेर, रस्त्याच्या टोकापर्यंत, वळून परत, आणि ब्रेक? जागच्या जागी!

मी म्हटलं, "अगं, गप्प बसली असतीस तर खिडकी मिळाली असती." तर म्हणते, "आणि माझं चार महिन्यांचं दाबणं फुकट घालवू?"

मला वाटलं, जिंकलो. पण भंगारवाला हात हलवत परत जाईल? जाता जाता तिला म्हणाला, "वहिनी, अशीच एक माझ्या वखारीत पडून आहे." नुसतं बघायला म्हणून गेली. आता ती दुसरी गाडी बैठकीच्या खिडकीसमोर उभी आहे. घरात दोन्हीकडून अंधार! मेहुण्याने विचारलं, "ताई, हे काय?" तर पदर खोचून, पाना पुसत म्हणते, "काही नाही रे, थोडंसंच काम राहिलंय."

आता मी वर बसतो. खालून आवाज येतो, "अहो, दाबा!"

दाबतो. भात लागलेला असतो… पण हवा आहे अजून.