सुधाकरची दहा मिनिटं

१९८७ साल, संक्रांत नुकतीच झाली होती. पांढुर्ण्यातल्या आम्ही चार गाडीवाल्यांनी मंडळ काढलं होतं आणि त्या दिवशी घरच्यांना घेऊन मोहगावला चाललो होतो. नियम माझा होता. मागची गाडी आरशात दिसली नाही, की थांबायचं. शाळा मी फार शिकलो नाही, पण तरणेपणी कापसाच्या बंड्या ओळीने हाकल्या आहेत. मागच्या बैलांचे घुंगरू ऐकू येईनासे झाले, की पुढची बंडी थांबायचीच.

जाताना शेवटची गाडी दिसेना. मी सगळ्यांना थांबवलं. दहा मिनिटांनी ती आली. पेरू घ्यायला थांबली होती! नवी गाडी घेतलेला सुधाकर कापडवाला भडकला.

"काका, पेरूसाठी आम्हाले रस्त्यावर उभं करून राहिले! माझे दहा मिनिटं वापस करा."

"करीन," मी म्हणालो.

येताना तोच शेवटी होता, माझ्या मागे. एका वळणानंतर आरशात रस्ता रिकामा दिसला. मी जीप फिरवली. त्याची गाडी नाल्याच्या काठावर कलंडली होती आणि आत त्याची बायको अन् म्हातारी आई होती.

"कोणी हलू नका!" मी ओरडलो. दोर बांधला आणि जीपने गाडी ओढून रस्त्यावर आणली.

सुधाकर गाडीतून खाली उतरला.

"किती वेळ लागला रे?" मी विचारलं.

त्याने घड्याळ पाहिलं. "दहा मिनिटं, काका."

"फिटले तुझे," म्हणालो आणि जीपमध्ये बसलो.