रिव्हर्सची धून

गाणं ऐकून माणसाला भीती का वाटते, याचा विद्यापीठात अभ्यास चालला होता. आत बोटांना वायरी लावून सुरावटी ऐकवायचे आणि छातीची धडधड मोजायचे. शिंपीणबाई बाहेर बाकावर नंबराची वाट बघत होत्या. शेजारी नुकतंच तपासणी आटोपून आलेलं एक कुटुंब बसलं होतं. नवरा, बायको आणि कॉलेजातली मुलगी.

“भुताटकीच्या सुरांना तू ढिम्म? खरंच?” नवरा बायकोला विचारत होता.

“असं त्या मॅडम म्हणाल्या.”

“आणि घाबरलीस कशाला, तर गाडी रिव्हर्स घेताना वाजते त्या धुनेला! आपल्याच गाडीला आहे की ती, रोज मी घरी आलो की वाजते. अगं, लहान पोरं नाचतात त्यावर!”

“मशीनचा काहीतरी घोळ असेल.”

“असणारच. माझं बघ, सगळं शांत. आपण नाही बुवा कुणाला घाबरत. तुझं काय आलं गं?”

“काही नाही, बाबा.”

“मी विचारतोय ना?”

“तीच धून.”

“म्हणजे दोन्ही खोल्यांतली मशीनं बिघडली? कमाल आहे! बसा इथंच, गाडी दाराशी आणतो.”

तो गेला.

“आई, तू कधी बोलली नाहीस.”

“तू तरी कुठे बोललीस?”

तेवढ्यात बाहेर ती गोड धून वाजली. दोघी एकदमच उठल्या.

शिंपीणबाईंचा पाय तालावर हलायला लागला होता. तो त्यांनी थांबवला. का, ते त्यांनाही कळलं नाही.